बहिणीचा सत्कार आणि माझे दोन शब्द

माझ्या धाकट्या बहिणीला, मालतीला, सिनेमात दोन पुरस्कार मिळालेत. पहिला अभिनयाचा, दुसरा दिग्दर्शनाचा. आणि मी, तिचा सख्खा मोठा भाऊ, तिचा एकही सिनेमा पाहिला नव्हता.

कारण? शिफ्ट! डोलवीला कंपनीत होतो. (रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी कारण तेच!) खरं कारण सांगायला लाज वाटते. कॉलेजात असताना ती पहिल्यांदा नाटकात उभी राहिली, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. "पेणात तोंड दाखवायला जागा ठेवणार नायस तू!" आता सिनेमा बघायचा, तर आधी ते शब्द गिळायला हवे होते.

तिची पहिली नाटकं रोह्यातली, म्हणून सत्कारही रोह्यात ठरला. आयोजकांचा फोन आला, "भावाने दोन शब्द बोलायलाच हवेत." मी छाती फुगवून हो म्हटलं.

"अवो, आधी पिक्चर तरी बघा!" बायको, शालन, म्हणाली. "माझ्या मोबाइलवर हाय."

"तीन तास कोण बसतो? गोष्ट कळली की झालं!"

रोह्याच्या एसटीत मोबाइलवर तिला अभिनयाचा पुरस्कार मिळालेल्या सिनेमाचं नाव टाकलं, पहिली आली ती गोष्ट घोकली आणि ऐटीत स्टेजवर चढलो.

"शेवटी मालती पुरात उडी घेते ना," मी खिशातून रुमाल काढला, "तो प्रसंग मी तीनदा पाहिला! तिन्ही वेळा ढसाढसा रडलो!"

हॉल चिडीचूप. लोक गहिवरले असं समजून मी आवाज चढवला. "आणि ती घोड्यावरून येते तेव्हा! अहो, हिला सायकल चालवता येत नव्हती!"

पहिल्या रांगेत शेजारच्या अष्टमी गावची एक आजी होती. ती मोठ्यानेच म्हणाली, "अरे बाबा, घोडा कुठला? ती तर मिठागरात कामाला व्हती!"

त्याच नावाचा एक जुना सिनेमा होता. मी तो घोकला होता! हॉल असा हसला की मी रुमाल परत खिशात कोंबला.

मालतीने माइक घेतला. "दादाने दुसराच सिनेमा पाहिलेला दिसतोय. पण तीनदा पाहिला, म्हणजे चांगलाच असणार!" टाळ्या पडल्या. तिने मला वाचवलं. खाली बसताना मात्र तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पेणला, रामवाडीतल्या आमच्या घरी आली. मी दारातच म्हटलं, "चुकलो गो मालती. दाखव तुझा सिनेमा."

तिने दिग्दर्शित केलेला लावला. त्यातली नटी प्रत्येक प्रयोगाला भावासाठी एक खुर्ची राखून ठेवते. भाऊ येतच नाही. दर वेळी नवीन सबब! शेवटच्या प्रयोगाआधी ती स्वतःच ती खुर्ची उचलून आत ठेवते. मी खरोखर रडलो. आणि रडता रडता भडकलो.

"काय गाढव माणूस हाय हा! असला भाऊ तुला सापडला तरी कुठे?"

शालनने चहाचा कप खाली ठेवला. मालती माझ्याकडे वळली.

"याच घरात, दादा."

त्या क्षणी तिचे पाय धरायला हवे होते. निदान तोंड तरी बंद ठेवायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "मग जरा बरा दिसणारा नट तरी घ्यायचा!"