ऊब लागणारी पेटी

"अहो, दूध तेवढं फ्रिजमध्ये ठेवा," काकूंनी ओट्यापाशी उभ्या उभ्याच सांगितलं. काका पातेलं घेऊन फ्रिजपर्यंत गेले, थबकले आणि पातेलं टेबलावर ठेवून परत आले. काकूंनी हात पुसले आणि दूध स्वतःच आत सरकवलं. ते प्रकरण झाल्यापासून काका फ्रिजचं दार उघडत नव्हते.

उभा जन्म थंडाव्यात काढलेला माणूस! दवाखान्यांतल्या रक्ताच्या नळ्या, लसी, गोठवलेले नमुने प्रयोगशाळांत पोचवायचे, हे त्यांचं काम. पेटीत बर्फाच्या पिशव्या रचण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बाकीचे चालक त्यांना बर्फकाकाच म्हणत. लेक म्हणायची, "आई कितीही भांडली तरी बाबा तापत नाहीत. एक पिशवी डोक्यातही ठेवलेली असणार."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात समुपदेशक ताई उभ्या होत्या.

लेकीच्या मज्जातंतूंना दुखणं जडलं होतं. आधी हात गेले, मग बोलणं, मग लेकच गेली. त्या दुखण्यावरच्या संशोधनात प्रयोगशाळेतली माणसं पेशी वाढवत, ताई घरच्यांची मनं सावरत, आणि नमुने नेण्याआणण्याचं काम काकांच्या गाडीकडे होतं. बोलता येत होतं तेव्हाच लेकीने कातडीचा एवढासा तुकडा संशोधनाला दिला. "बाबा, आता तुमच्या गाडीतून मी फुकट हिंडणार!" नमुन्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक. तो तिने हट्टाने विचारून घेतला आणि बाबांकडून पाठ करून घेतला.

ती गेली तरी त्या तुकड्यापासून वाढवलेल्या पेशी जगत राहिल्या. एके दिवशी त्या दुसऱ्या प्रयोगशाळेत न्यायच्या होत्या. पेटीवर काकांना तोच पाठ असलेला क्रमांक दिसला. पेटीला हात लावून पाहिला, तर कोमट. कोणी एवढा निष्काळजीपणा केला माझ्या पोरीच्या बाबतीत? खरं तर अशा जिवंत पेशी अंगाच्या उबेतच न्यायच्या असतात. काकांनी त्या कधी नेल्या नव्हत्या, पण क्रमांकाच्या खालीच तशी सूचना चिकटवलेली होती. ती त्यांना दिसलीच नाही. त्यांनी बर्फाच्या पिशव्या ठासून भरल्या, नेहमीपेक्षा जास्तच. पेटी पोचली तेव्हा आत काही जिवंत उरलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, तेव्हा काकूंच्या तोंडून निसटलं होतं, "अहो, वाचायचं तरी होतं!" पुढे त्यांनी परोपरीने समजूत घातली, पण सुटलेला शब्द काही परत घेता आला नाही.

ताईंनी चहाचा कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. "काका, एक कुपी गोठवून बाजूला ठेवलेली होती. शेवटची. तिच्यातून पेशी पुन्हा वाढल्यात. उद्या त्या न्यायच्या आहेत. तुम्हाला इतरांकडून कळू नये, म्हणून मीच आले."

"म्हणजे... आहे ती?"

"पेशी आहेत, काका." ताईंचा आवाज मऊ होता, पण त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. "ती नाही."

"कळतं हो मला. एवढा काही खुळा नाही झालो." काका हसायला गेले, पण ते जमलं नाही. "पण दुखण्याने नेली तेव्हा मी काही करू शकत नव्हतो. दुसऱ्या वेळेला मात्र माझ्याच हातून गेली ना."

काकूंनी पदर तोंडाशी धरला. मग उठल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "ते माझं बोलणं मनात ठेवू नका हो," त्या पुटपुटल्या. "मी तिथे असते, तर मलाही आधी तिचा नंबरच दिसला असता."

काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"गाडी दुसरे चालक नेतील," ताई हळूच म्हणाल्या. "तुम्हाला कोणी दोष देत नाही, पण या वेळी..."

"नाही, नाही. मी चालवणारच नाही. पेटी उघडणार नाही, भरणारही नाही." काकांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. "ताई, फक्त मला त्या गाडीत बसू द्या. तिथे पोचेपर्यंत ती पेटी माझ्या मांडीवर असू द्या."