धरणाची गेटं न सांगता उघडली

आज सकाळी बाबा गेले. आणि रडू यायच्या आधी मला दत्तूकाकाचा राग आला.

दत्तूकाका म्हणजे आमच्या गावच्या धरणावरचा गेटमन. बाबांचा जिगरी दोस्त.
बाबा धरणाच्या तलावात मासे धरायचे. मासेमारांच्या सोसायटीचे चेअरमन होते.

ही गोष्ट लातूर नुकताच जिल्हा झाला तेव्हाची. मी लहान, चौथीत.
नव्या जिल्ह्याच्या मागोमाग दुष्काळ आला. तलाव आटला, तळाला भेगा पडल्या. मासे धरणारी माणसं रोजगार हमीवर खडी फोडायला गेली. बाबासुद्धा.

मग एकदाचा पाऊस झाला. सोसायटीनं मासळीचं बी सोडलं, वर्षभर डोळ्यात तेल घालून राखलं.
पुढच्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ.

मी विचारलं, "बाबा, आता धरायचे ना?"
"न्हाई बाई. पाणी लई चढलंय. मासा बुडालेल्या बाभळीत शिरून बसलाय, जाळ्याला लागत न्हाई. जरा उतरू दे."

भीती एकच होती. गेट उघडलं की मासा धारेकडं धावतो आणि पाण्यासंगं खाली नदीत जातो.
त्याआधी गेटच्या अलीकडं आडवं जाळं बांधायचं. पण त्यासाठी एक दिवस आधी कळायला पाहिजे.

दत्तूकाका आमच्या ओसरीवर जेवता जेवता म्हणाला, "लक्ष्मण, फिकीर कशाला करतूस? ऑर्डर आली की पहिलं तुझ्या दारात येतो."

बाबांनी सगळ्यांना सांगितलं, दत्तूनं जबान दिलीय.

चार दिवसांनी, सकाळी, पाण्याचा आवाज गावात ऐकू आला.

बाबा पळत सुटले. त्यांच्या मागं मी.
दत्तूकाका धरणाच्या भिंतीवर उभा होता.

"दत्तू, सांगितलं का न्हाई?"
"आत्ताच ऑर्डर आली रे. टाइमच न्हवता."

बाबांनी खाली पाहिलं.

खाली दत्तूकाकाचे दोन्ही मेहुणे जाळी लावून तयार. टोपल्यांत कटला, रोहू फडफडत होते. आमचेच.
बाजूला टेम्पो. त्यात भुश्शात ठेवलेल्या बर्फाच्या लाद्या.

बर्फ लातूरशिवाय कुठं मिळायचा नाही. जाऊन यायला अख्खा दिवस.

"ह्यांना बर्फ आणायला टाइम होता," बाबा म्हणाले.

दत्तूकाकानं तोंड फिरवलं. बाबांकडं बघितलंसुद्धा नाही.

खरा घाव तर संध्याकाळी बसला. बाबांसंगं खडी फोडलेली माणसं आमच्या अंगणात येऊन म्हणाली, "जबान दिलीय म्हणून तूच सांगत होतास. तू बी सामील हायस."

बाबांनी शपथ घेतली. कुणी ऐकली नाही.

महिन्याभरात आम्ही गाव सोडून नांदेडला आलो. बाबांनी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलली, आम्हाला शिकवलं. परत कधी जाळं हातात धरलं नाही.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये त्यांनी मला दोनदा विचारलं, "दत्तू आला का गं?"

इतक्या वर्षांनी. त्याच माणसाबद्दल.

मी मान खाली घालून फोन लावला. दत्तूकाका म्हणाला, "उद्या निघतो पोरी, नक्की."

आला नाही.

आज दुपारी त्याच्या मुलाचा मेसेज आला. 'आमच्या बाबांना अंत्यदर्शन घ्यायचंय. संध्याकाळपर्यंत थांबाल का?'

आम्ही थांबलो नाही.

जा बाबा. आता कुणाची वाट बघू नका.
तुमच्या लेकीचा शेवटचा नमस्कार.