चांदीच्या वाटीतले शहाळ्याचे पाणी

चि. निखिल आणि चि. तारा,

हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला देवनागरी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. तुमचा बाबा वाचून दाखवील. वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येणार म्हटल्यावर तो अडखळत का होईना, पण शेवटपर्यंत वाचील अशी माझी अटकळ आहे. इंग्रजीत लिहिणे मला सोपे गेले असते, जन्मभर शाळेत तेच शिकवले. पण तुमच्या आजोबांविषयी इंग्रजीत लिहायला बसले की शाळेच्या अहवालासारखे होते. दोनदा लिहून फाडले.

आत्ताच का, तेही सांगते. आजोबांच्या तेराव्याला पानावर बसल्या बसल्या त्यांचे धाकटे भाऊ, तुमचे मोहनआजोबा, सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा गेला. पुढल्या वर्षापासून वाटीत पहिल्यासारखं घालायचं नं?" वाढणारे हात क्षणभर थांबले. मग रसम आले, विषय बुडाला. तुम्ही दोघे फोनच्या पडद्यावरून हे ऐकत होता. निखिल, तू तिथूनच विचारलेस, पहिल्यासारखं म्हणजे काय? तुला कोणी उत्तर दिले नाही. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कपाट आवरते, आवरलेले पुन्हा आवरते... तेव्हा उत्तर देऊन टाकलेले बरे.

आधी शेवटची भेट सांगते, कारण तीत सगळेच आले. हृदयाचा त्रास म्हणून त्यांना इस्पितळात ठेवले होते. सकाळी नर्स सुई टोचायला आली. तिने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून दंडावर फिरवला, तशी त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मला वाटले सुईला भ्याले. ती गेल्यावर हळूच म्हणाले, "सुमती, वास अजून ओळखतो गं मी." हसले. इतकी वर्षे लोटली होती, तरी अजून ओळखत होते. दुपारी ते गेले.

तर वाटी. तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत आपली मराठी माणसांची जी घरे आहेत, त्यांत प्रत्येकाच्या देवीची रीत वेगळी. आपल्या घरी आडी महिन्यातल्या, म्हणजे आषाढाच्या सुमाराच्या तमिळ महिन्यातल्या, एका शुक्रवारी कुळदेवीची पूजा होते. पूर्वी देवीपुढे मटणाचे पान आणि चांदीच्या वाटीत दारू ठेवत. पूजा झाली की घरातल्या थोरल्या मुलाने त्या वाटीतले पहिले तीर्थ घ्यायचे, मग बाकीच्यांनी बोट बुडवून जिभेला लावायचे. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा अरक, म्हणजे गावठी दारू असे, पुढे ब्रँडी आली. मोहनआजोबा बाटली आणत आणि तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, ती स्वतःच्या हाताने फोडत. एरवी त्यांना दारूचा वास खपत नसे. पण देवीपुढचे ते तीर्थ, दारू नव्हे, असे त्या मानीत, आणि खरेच मानीत.

तुमचे आजोबा कालव्यांच्या खात्यात इंजिनिअर. पापनाशमपासून खालपर्यंतचे दरवाजे त्यांच्या हाताखाली. पाणी सुटायच्या दिवसांत जीपमधून गावोगाव हिंडणे, रात्री विश्रामगृहात राहणे, तिथे कोणी ना कोणी बाटली घेऊन हजर. ते रस्त्यात कधी पडले नाहीत, कोणावर हात उगारला नाही. घरी येऊन आंघोळ करीत, केस विंचरीत आणि पानावर गप्प बसत. मला कळायचे ते सकाळी. देवीला कुंकू लावताना त्यांचा हात असा कापे, की कुंकू तिच्या कपाळाऐवजी नाकावर, साडीवर सांडे. सासूबाई पदराने पुसून घेत आणि म्हणत, "थंड पाण्याने न्हायलास म्हणून." भर मे महिन्यात, तंजावुरात, थंड पाणी! मी बघत राही. ते माझ्याकडे बघत नसत.

एकदा कालव्याचा दरवाजा उघडायच्या कागदावर त्यांना सही करता येईना. हाताखालच्या माणसांसमोर. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी स्वतःच मला म्हटले, "मज कुठे तरी नेऊन ठेव." कावेरीपलीकडे एक व्यसनमुक्ती केंद्र होते, तिथे मी त्यांना घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट, चामड्याची बॅग, जणू दौऱ्यावर निघाले होते. दारातच बॅग उघडून तपासली. तिथल्या सेवकाने दाढीचे पाते बाजूला ठेवले, ते त्यांना पटले. मग दाढीनंतर लावायच्या पाण्याची बाटलीही उचलली. आमचे साहेब रागावले, तमिळमध्ये म्हणाले, मी काय ते पिणार आहे? तो शांतपणे म्हणाला, "पितात, सार." तुमचे आजोबा त्या बाटलीकडे बघत राहिले, जणू तिला पहिल्यांदाच पाहत होते.

पहिले काही दिवस मला भेटू दिले नाही. घाम, थरथर, भिंतीवर मुंग्या दिसणे... हे सगळे मला नंतर कळले. इंजेक्शने, औषधे, झोप, पुन्हा घाम. मग भेटीच्या रविवारी गेले तर ते अंगणात येरझारा घालत होते, पायाखालची वाळू घट्ट झाली होती. रोज सकाळी सगळ्यांना गोल बसवून बोलायला लावीत. त्यात एक बस ड्रायव्हर होता, एक देवळातला नादस्वरवाला होता, आणि आमचे साहेब. मी विचारले, तुम्ही बोलता का? म्हणाले, "बोलतो की. तमिळमध्ये खरं बोलायला सोपं जातं. खोटं मी सगळं घरी मराठीत बोललो."

ते घरी आले ते एक गोळी घेऊन. रोज सकाळी घ्यायची. ती घेत असताना दारूचा थेंब जरी पोटात गेला तरी अंग पेटते, छाती धडधडते, जीव घाबरा होतो, असे डॉक्टरांनी मला आणि सासूबाईंना समोर बसवून सांगितले होते. खोकल्याचे औषधसुद्धा विचारल्याशिवाय देऊ नका म्हणाले. सासूबाईंनी सगळे नीट ऐकून घेतले. आणि आडी महिन्यात, पूजेनंतर, तीच वाटी त्यांच्यापुढे धरली. मी सासूबाईंना म्हटले, आत्या, डॉक्टर काय म्हणाले? "डॉक्टर दारूचं म्हणाले," त्या म्हणाल्या. "हे तीर्थ."

त्यांनी आईकडे पाहिले, वाटीकडे पाहिले आणि एक घोट घेतला.

थोड्याच वेळात त्यांचा चेहरा, मान, छाती लालबुंद झाली. धाप लागली. ओकारी सुरू झाली. मोहनआजोबा गाडी आणायला धावले, मी गोळीची पट्टी मुठीत धरून मागे बसले. आणि मागे घरात, देवीसमोर, सगळी भावकी हात जोडून उभी राहिली... देवी अंगात आली म्हणून! इस्पितळातून परतलो तेव्हा सासूबाईंनी कौल सांगून टाकला होता. देवी कोपली. कशावर? त्या गोळीवर. गोळी देवीच्या तीर्थाला आडवी आली. दुसऱ्या दिवशी पट्टी जागेवर नव्हती.

जिथे वाटीत दारू नसते अशा घरी ही चूक झाली नसती. मला खरा धक्का बसला तो तुमच्या आजोबांचा. मला वाटले ते आईला समजावतील. त्यांनी पट्टी कुठे गेली एवढेही विचारले नाही. गोळी नको, असे कोणी तरी म्हणायलाच त्यांना हवे होते. गोळी बंद झाली, आणि दिवाळी यायच्या आत कुंकू पुन्हा साडीवर सांडू लागले.

दुसऱ्यांदा केंद्रात मी त्यांना नेले नाही. त्यांच्या आईने नेले. हे कसे झाले ते मला नेमके माहीत नाही. एका सकाळी त्या देवघरात एकट्याच देवीच्या साडीवरचे कुंकू पुसत बसल्या होत्या, पुसता पुसता थांबल्या, उठल्या आणि रिक्षा बोलावली. लुगडे नेसून, काठी टेकत, मुलाचा दंड धरून. या खेपेला भेटीच्या रविवारी घरच्या माणसांच्या बैठकीत त्याही बसल्या. कोणी काय बोलले ते त्यांनी मला कधीच सांगितले नाही. बसमधून परतताना एवढेच विचारले, "तो ड्रायव्हर पुन्हा आलाय, पाह्यलंस?" आणि मग घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पुढच्या आडीत मात्र मला धीर नव्हता. केंद्रातून सुटून ते घरी होते, गोळी चालू होती, हात थांबले होते. पण पूजा यायची ती आलीच, आणि भावकीही. मोहनआजोबांनी रिवाजाप्रमाणे कागदात गुंडाळलेली बाटली आणून देवघराच्या उंबऱ्यावर ठेवली. तुमच्या आजोबांनी ती उचलली नाही. चांदीची वाटी उचलली आणि सरळ मागच्या दाराने परसात गेले. आम्ही सगळे ऐकत होतो... कोयत्याचा एक घाव, दुसरा, तिसरा. परत आले ते वाटी काठोकाठ भरून, शहाळ्याच्या पाण्याने, आणि तिच्यात हिरव्या सालीची एक ढलपी तरंगत होती.

मोहनआजोबा म्हणाले, "दादा, देवीने विचारलं तर?"

"मज विचारावं तिने," ते म्हणाले. "मी उत्तर देईन."

आरती झाली. आता तीर्थ. पहिले थोरल्या मुलाने घ्यायचे, हे मी सांगितलेच आहे. त्यांनी ओंजळ पुढे केली, तेवढ्यात सासूबाईंनी काठीने त्यांचा हात बाजूला सारला. "उगा राह. पहिलं मज दे." साऱ्या भावकीत हे असे कधी घडले नव्हते. त्यांनी वाटी दोन्ही हातांनी धरून घोट घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले. मग त्यांनी वाटी मुलाकडे दिली.

"शहाळंच आहे," त्या म्हणाल्या. "घे."

त्या चव घेऊन बघत होत्या की त्याच्या आधी स्वतः पुढे होत होत्या, मला आजवर ठरवता आलेले नाही. ती बाटली मोहनआजोबा परत घेऊन गेले. पुढच्या वर्षी त्यांनी आणली नाही.

यानंतर सगळे छान झाले असे तुम्हाला वाटेल, तर तसे नाही. दारू सुटली, बेचैनी नाही. तुम्ही त्यांना पाहिलेत ते संध्याकाळी कधी न बसणारे आजोबा. दिवे लागायची वेळ झाली की ते उठत. नळाचा वॉशर बदलत, नसेल गरज तरी बदलत. ओट्यावर येरझारा घालत. काही संध्याकाळी नुसतेच ओरत्तनाडूच्या बसमध्ये बसत, तिथे उतरत नसत, त्याच बसने परत येत. कंडक्टर ओळखीचा झाला होता, खिडकीची जागा राखून ठेवी. तारा, तू लहान असताना म्हणायचीस, आजोबांच्या पायांत चाके आहेत. त्यांना ते फार आवडे. एकदा मी म्हटले, अहो, बसा की घटकाभर. म्हणाले, "बसलो तर उठून कुठे जाईन ते ठाऊक आहे मज. म्हणून आधीच जातो."

आता त्या वेळेला मीच उठते. चपलांचा आवाज येतो असे वाटते, दाराशी जाते, परत येते. नळ ठीक आहे की नाही बघते. ही सवय त्यांची मला लागली की माझी मला आहे, कोण सांगणार...

मोहनआजोबांना मी उत्तर दिले. परवा ते आले होते, त्यांना कॉफी दिली आणि म्हटले, आत्यांनी ते तीर्थ सगळ्यांच्या आधी घेतलं होतं; त्यांच्याहून थोरलं या घरात कोण होतं ते तुम्ही सांगा. त्यांनी कपातली कॉफी संपवली. मग म्हणाले, "शहाळं मी पाडून आणीन. तुला कोयता जमायचा नाही, वहिनी."

यंदा वर्षश्राद्धापर्यंत घरात पूजा नाही. त्यानंतर वाटी भरण्याचा मान तुमच्या बाबाचा, आणि निखिल, पुढे केव्हा तरी तुझा. काय घालायचे ते आता तुम्हाला ठाऊक आहे, आणि का तेही.

वाटी देवघरात पालथी ठेवली आहे. परसातल्या माडाला शहाळी धरली आहेत.