वाळवंटासाठी पेरलेला हरभरा

आमच्या घरात एखादी गोष्ट कुणाला पटली नाही, की एक ठरलेलं वाक्य आहे: "हो, माळढोक असेल." दूधवाला म्हणाला की आज पाणी घातलेलं नाही, तर माळढोक असेल. भाऊ म्हणाला की पाच मिनिटांत येतो, तर माळढोक असेल. हे वाक्य माझं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी ते काढलं आणि बत्तीस वर्षं बायकोच्या अंगावर फेकत आलो.

तिचं माहेर डोईफोडिया, जंगलाच्या काठाला. सात-आठ वर्षांची असताना वडिलांची भाकर घेऊन शेतात जाताना तिला गवताच्या माळावर एक भलामोठा पक्षी दिसला. लांब पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. शाळेत सांगितलं तर गुरुजी म्हणाले, मोर असेल. सगळा वर्ग हसला. पुढे वर्तमानपत्रात चित्र आलं तेव्हा तिला नाव कळलं, माळढोक. पण तोवर माळ नांगरून झाला होता आणि पक्षी कुणाच्या बापाला दिसत नव्हता. लग्नानंतर मोठ्या भरवशाने तिने ही गोष्ट मला सांगितली, आणि मी गुरुजींपेक्षा मोठ्याने हसलो.

माझा स्वभाव तापट आहे, लपवून काय करू? कुणी मला शहाणपण शिकवलं की डोकं सणकतं, आणि बायकोने शिकवलं की जरा जास्तच.

दोन वर्षांपूर्वी तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. जैसलमेरच्या बाजूला वाळवंटात मोठं राष्ट्रीय उद्यान आहे, उरलेसुरले माळढोक आता तिथेच आहेत, आपण जाऊ, म्हणाली. जायचं कधी तर हिवाळ्यात, कारण उन्हाळ्यात तिथे माणूस भाजून निघतो. मी तिथेच तिचं बोलणं तोडलं. बुऱ्हाणपूरजवळच्या आमच्या बहादरपुरात केळीवाला हिवाळ्यात घर सोडत नाही. थंडी वाढली की बागेला पाणी द्या, बांधावर धूर करा. एक कडक लाट आली की पानं पिवळी पडतात, घड निसवता निसवता, म्हणजे बाहेर पडता पडताच, अडकतो, वर्षाची मेहनत वाया जाते. हे तिला माहीत नव्हतं का? माझ्याइतकंच माहीत होतं. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या उन्हाळ्यात बाग कापून झाली. मी नव्या रोपांची ऑर्डर द्यायच्या तयारीत होतो. तेव्हा जेवताना हिचं हळूहळू सुरू झालं. तीन वर्षं झाली, पानांवरचा रोग हटत नाही. जमीन थकली असेल. एक साल विसावा दिला तर? पावसाळ्यात ताग पेरून खतासाठी जमिनीत गाडावा, हिवाळ्यात हरभरा टाकावा. मी आधी फणकारलो. मग दोन दिवस विचार केला आणि पटलं. महिनाभरात मी चौकात चहा पिताना लोकांना समजावत होतो की बाबांनो, जमिनीला विसावा द्या, केळी केळी करून मराल. दोघातिघांनी माझं ऐकलंसुद्धा. कल्पना माझीच आहे असं मी सांगितलं, आणि खोटं बोलतोय असं मला वाटतही नव्हतं.

दिवाळी झाली. हरभरा वीतभर झाला. आणि एका दुपारी हिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलं. जानेवारीतल्या सहा दिवसांवर गोल केलेले. बुऱ्हाणपूरहून थेट गाडी नाही, मध्ये कुठे बदलायची ते मागे लिहिलेलं. जैसलमेरला वनखात्याच्या ऑफिसातून परवानगी काढायची, त्याला कोणते कागद लागतात ते लिहिलेलं. वाळवंटात रात्री थंडी कडक, म्हणून माझी जुनी लोकरी बंडी दुरुस्त करून झालेली. माझा धाकटा भाऊ सकाळ-संध्याकाळ शेतावर चक्कर मारणार, त्याच्याशी बोलून झालेलं. माझं डोकं सणकलंच.

"अगं, हिवाळ्यात केळी सोडून..." मी सुरू केलं आणि तिथेच थांबलो. शेतात केळी कुठे होती? हरभरा होता. हरभऱ्याला धूर लागत नाही. एक पाणी दिलं की बरेच दिवस बघायला नको.

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती कॅलेंडरवरचं सुपारीचं खांड झटकत होती. केळीत आम्ही कापणीचा महिना धरून उलटं मोजतो आणि लागवड ठरवतो. या बाईने सहलीचा महिना धरून उलटं मोजलं होतं आणि माझा अख्खा हिवाळा रिकामा करून ठेवला होता. खरं सांगतो, राग उरलाच नाही. छाती फुगली. एवढ्या लांबचं नियोजन आमच्या गावात कुणा केळीवाल्याने केलं असेल तर दाखवा. जमीनही सुधारली, वर मला चौकात मानही मिळाला.

तरी खोड जात नाही. तिने तिथला एक वाटाड्या फोनवर ठरवला होता. म्हटलं, मी बोलतो. फोन स्पीकरवर ठेवला आणि विचारलं की माळढोक नक्की दिसेल ना. तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, पक्कं सांगता येत नाही, फार थोडे उरलेत, काही लोक दोनदा येऊन रिकामे परत जातात. मी बायकोकडे बघून मान हलवली. झालं समाधान?

तिने फोन हातात घेतला. आमच्या बुऱ्हाणपुरी हिंदीत त्याला विचारू लागली. माळढोक अजूनही तसंच करतो का? गळ्याची पांढरी पिशवी फुगवतो, पार गुडघ्यांपर्यंत लोंबवतो, शेपूट पाठीवर उभी करतो आणि घुमतो? आवाज कानाला कमी आणि छातीत जास्त लागतो, रिकाम्या माठात कुणी लांबून फुंकल्यासारखा? हे सगळं तिने मला कधी सांगितलं नव्हतं. सांगणार कशी, पहिल्याच वाक्याला मी हसलो होतो.

वाटाड्या म्हणाला, "वो तो बरसात में करता है, बाईसा. सर्दी में ऐसा देखने को नहीं मिलेगा. पर आपने देखा है. सुनी-सुनाई वाला छाती की बात नहीं बोलता."

फोन ठेवला. शरम वाटली, आणि तिचा अभिमान इतका वाटला की डोळ्यांत पाणी आलं. बत्तीस वर्षं ती खरं बोलत होती आणि मी त्यावर घरभर हशा पिकवला होता. मी म्हणालो की चुकलो. आणि मग, समजूतदारपणा दाखवावा म्हणून, म्हणालो की आता तुझं खरं झालंच आहे, त्या माणसानेही सांगितलं. तिथे जाऊनही दिसेल की नाही भरवसा नाही. तुझं मन मानत असेल तर जायची दगदग कशाला?

ती कॅलेंडर परत खिळ्याला अडकवत होती. मागे न वळता म्हणाली, "मी त पाह्यला आहे. तुमाले दाखवाचा आहे."