जावयाचं ऑइल

तुर्भ्याला आमच्या ऑफिसच्या गेटवर परकारभाई टॅक्सी घेऊन आले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. कोपरखैरण्यात माझ्या आक्काच्या शेजारी राहणारा माणूस भाडं सोडून भरदुपारी माझ्याकडे कशाला येईल? पण मी आपली चलनांच्या गठ्ठ्यात होते. शिपायाने निरोप दिला, मी बाहेर गेले, तर परकारभाई गाडीतून उतरून उभे. "ताय, बसा गारीत," एवढंच म्हणाले. टॅक्सी रस्त्याला लागल्यावर समोर बघतच म्हणाले, "दिनकरभाऊ गेले. जेवून खुर्चीत बसले व्हते... भाभी ताक घेऊन आली, तवर झालेलं." कपाटाला कुलूप लावलं की नाही, हा विचार माझ्या मनात आधी आला. खरं तेच लिहिते आहे. रडू नंतर आलं, आणि तेव्हा बाकीचे इतके रडत होते की चहा कोण टाकणार हे मलाच बघावं लागलं.

दिनकरराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे दाजी. मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. मी लग्न होऊन सानपाड्याला आले ती त्यांच्याच भरवशावर; इथं ना दुकानं धड, ना रस्त्यावर दिवे, अशी तेव्हाची गत. नव्वद सालच्या आसपास त्यांनी लाल रंगाची मोटरसायकल घेतली, फोर-स्ट्रोक. तेव्हा आजूबाजूला बहुतेक गाड्या टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या. दाजींच्या गाडीचं ऑइल इंजिनात वेगळं असायचं आणि ठरावीक अंतर चालली की बदलावं लागायचं. पंपावरच्या माणसाने सवयीने ऑइलचं माप उचललं की दाजी टाकीच्या तोंडावर पंजा ठेवून ओरडायचे, "ए, हात लावू नको! हिला वरून पाजायचं नसतं!" आक्का म्हणायची, "माझ्या बाळंतपणात डॉक्टरवरसुद्धा एवढे ओरडले नव्हते हे."

ऑइलच्या बाबतीत त्यांचं मत एकच होतं. कंपनीच्या पुस्तकात जेवढं दाट लिहिलंय तेवढंच दाट घालायचं, आणि मोटरसायकलीचंच घालायचं. ट्रक टर्मिनलजवळ पिंपातलं सुटं ऑइल स्वस्त मिळायचं, कारखान्यातले बरेच जण तेच घालायचे. "घट्ट असतं, जास्त टिकतं," असं कुणी म्हणालं की दाजी त्याला समोर बसवून शिकवणी घ्यायचे. ऑइल बदलायच्या आधी गाडी एक फेरी मारून आणायची, म्हणजे गरम ऑइलबरोबर आतली घाणही बाहेर येते. खालचा बोल्ट मनगटाच्या जोराने आवळायचा, खांद्याच्या नाही. वॉशर नवा घालायचा, जुना उलटा करून घालायचा नाही. जुनं काढलेलं ऑइल ते फडक्याने खिडक्यांच्या ग्रिलला पुसायचे. खाडीचा वारा लोखंड खातो, म्हणून. ग्रिल गंजले नाहीत हे खरं, पण त्या ग्रिलवर वाळत टाकलेलं एकही पातळ पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही. गल्लीतल्या बायका आक्काशी यावरून भांडायच्या आणि आक्का दाजींशी.

माझ्या मोपेडलाही त्यांनी सोडलं नाही. रविवारी यायचे, चहा घ्यायच्या आधी किल्ली घ्यायचे. एकदा म्हणाले, "शोभा, ही गाडी रडतेय. तुला ऐकू येत नाही?"

"दाजी, मला ऑफिसात माणसं रडलेली ऐकू येत नाहीत, गाडीचं काय घेऊन बसलात?"

"म्हणूनच तुला बढती मिळते," ते म्हणाले, आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले.

असा हा माणूस. गाडीत चुकीचं ऑइल घालणाऱ्याशी आठवडाभर न बोलणारा. त्याने स्वतःच्या हाताने, हसत हसत, स्वतःच्या गाडीत चुकीचं ऑइल घातलं, ते मी पाहिलं आहे. आजचं सगळं लिहिणं त्यासाठीच आहे.

दाजींना एकच मुलगी, वैशाली. तिचं लग्न सुधीररावांशी झालं, घर कल्याणचं. मुलगा शिकलेला, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरीला, पण मनाला फार लावून घेणारा. वडील लहानपणीच गेलेले, काकांच्या घरी वाढलेला. पहिल्या दिवाळसणाला तो सासूसासऱ्यांसाठी भिंतीवरचं घड्याळ घेऊन आला. त्यावर त्याच्या दुकानाचं नाव छापलेलं होतं. आमच्या एका चुलतभावाला राहवलं नाही. भर पंगतीत म्हणाला, "जावईबापू, हे फुकट वाटायचं घड्याळ ना?" सगळे हसले. हसायला नको होतं. सुधीरराव ताटावरून उठले, हात धुतले आणि निघाले. दाजी चपला न घालता रस्त्यापर्यंत मागे गेले, तरी ते थांबले नाहीत. तिथून जे बिघडलं ते बिघडलंच. दोन्हीकडून शब्द वाढत गेले, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वैशाली बॅग घेऊन कोपरखैरण्याला आली ती राहिलीच. तिला कुणी काढलं असं ती म्हणत नव्हती, परत जाते असंही म्हणत नव्हती. दाजींनी ते घड्याळ पुढच्या खोलीत दारासमोर लावलं होतं. आक्काला ते बघवायचं नाही. ती म्हणाली, काढा ते. दाजी म्हणाले, "वेळ बरोबर दाखवतंय, कशाला काढू?"

पुढच्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, सुधीरराव न सांगता दारात उभे राहिले. मी तिथेच होते, फराळाचे डबे घेऊन गेले होते. त्यांच्या हातात एक चकचकीत डबा होता, फॉरेनच्या ऑइलचा. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "मामा, तुम्ही गाडीला फार जपता. म्हणून हे आणलं. आमच्या दुकानात ह्याच्याहून भारी नाही." आणि मग जरा थांबून, "विकत घेतलंय." ते शेवटचे दोन शब्द ऐकून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आत वैशाली स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होती.

ऑइल भारी होतं, यात शंका नाही. पण मोटारीचं होतं. मोटरसायकलीचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यात हे जास्त निसरडं ऑइल पडलं की क्लचच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरत नाहीत. इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पळत नाही. हे मला दाजींनीच सांगितलेलं, एका पाहुण्याला झापताना. त्यातून दाजींनी दसऱ्याला नुकतंच ऑइल बदललेलं. मी बोलायला तोंड उघडलं... आणि दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

"वा! सुधीरराव, वा!" दाजी म्हणाले. "अहो, मी हेच शोधत होतो. आणा इकडे. आत्ताच घालू, आज मुहूर्त चांगलाय."

नव्या लेंग्यानिशी ते खाली बसले. चांगलं, मधासारखं स्वच्छ ऑइल परातीत काढलं आणि जावयाच्या डब्यातलं इंजिनात ओतलं. "नरसाळं धरा जरा," म्हणाले. सुधीरराव त्यांच्या शेजारी उकिडवे बसले, नरसाळं दोन्ही हातांनी धरून. मी त्यांचा चेहरा बघत होते. आपण आणलेली वस्तू कुणी लगेच वापरायला काढतंय, हे त्या माणसाने पहिल्यांदाच बघितलं असावं. मग दाजींनी त्यांना मागे बसवून खाडीच्या बाजूला एक चक्कर मारून आणली. परत आले तेव्हा दाजी मोठ्याने म्हणाले, "लोण्यासारखी चालली!" सुधीरराव आत आले, जेवले, दोनदा बासुंदी घेतली. भाऊबीजेला वैशाली त्यांच्याबरोबर कल्याणला गेली.

दुसऱ्या दिवशी दाजी मला ऑफिसला सोडायला आले. रेल्वेच्या पुलाच्या चढावर गाडीने असा काही आवाज काढला आणि जागच्या जागी अशी मंदावली, की मागून येणारा सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. मी उतरले आणि चालायला लागले. दाजी शेजारून पायाने गाडी ढकलत येत होते.

"दाजी, काढून टाका ते ऑइल. आणि त्यांना फोन करून सांगा, पुढच्या वेळी दुसरं आणा म्हणून. एका वाक्याचं काम आहे. मी सांगू?"

"अजिबात नाही."

"अहो, शिकलेला माणूस आहे. समजून घेईल."

"शोभा, ऑइलचं समजून घेईल. पण त्याला जन्मात कुणी विचारलं नाही की तू काय आणलंस. पहिल्यांदा आणलं तर आपण हसलो. दुसऱ्यांदा आणलं तर चुकीचं आणलं म्हणून सांगायचं?" चढ संपेपर्यंत त्यांनी पाय टेकत गाडी रेटली. मग म्हणाले, "मी आहे तोवर तू बोलायचं नाहीस. क्लचप्लेटा बाजारात मिळतात."

मला तेव्हा हा सगळा वेडेपणा वाटला होता. थोडा अजूनही वाटतो.

त्यानंतर दर दिवाळीला हेच. सुधीरराव डबा घेऊन यायचे, नरसाळं धरायचे, मागे बसून चक्कर मारायचे. दाजी हलक्या हाताने, चढ टाळून गाडी चालवायचे. भाऊबीजेला मुलगी-जावई गल्लीच्या टोकाला वळले की दाजी पाने-पक्कड घेऊन खाली बसायचे, ते ऑइल काढायचे आणि आपलं नेहमीचं भरायचे. काढलेलं फेकायचे नाहीत. परकारभाईंच्या टॅक्सीला ते अगदी योग्य होतं. परकारभाई रिकामा डबा घेऊन तयारच असायचे. "दिवालीला तुमी लोक मानसाला तेल लावता," ते म्हणायचे, "तुमचा जावय माज्या गारीला लावतो. आल्ला त्याला सुकात ठेवो." दाजी म्हणायचे, "हळू बोला, अजून नाक्यावरच असतील ती दोघं." आणि दोघे म्हातारे शाळकरी पोरांसारखे तोंड दाबून हसायचे. आक्का आतून ओरडायची, "ते ग्रिलला लावाल तर याद राखा!"

मधल्या काळात वैशालीला मुलगा झाला. सुधीररावांचं स्वतःचं छोटं दुकान झालं. माणूस पुष्कळ मोकळा झाला. आमच्या त्या चुलतभावाशीसुद्धा बोलायला लागला. दाजींनी एकदा क्लचप्लेटा बदलल्या, त्यांच्या मते वेळेच्या आधी. पण गाडी शेवटपर्यंत एका किकला सुरू व्हायची. गेले त्या सकाळीही तिच्यावरूनच भाजी घेऊन आले होते.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. गाडीचं काय करायचं, असा विषय निघाला, तेव्हा आक्का म्हणाली, सुधीररावांना द्या. सुधीरराव उठून दाराशी गेले. मला म्हणाले, "मावशी, जरा बाहेर येता?" आम्ही गाडीजवळ उभे राहिलो. ते बराच वेळ सीटवरची धूळ पुसत होते.

"मावशी, दुकानात आता मोटरसायकलींचंही सामान ठेवतो. परवा ऑइल कंपनीचा माणूस आला होता. तो म्हणाला, मोटारीचं हे ऑइल मोटरसायकलला कधी देऊ नका, क्लच सरकतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी मामांना इतकी वर्षं हेच देत होतो. त्यांना चालायचं का हो ते?"

दाजींनी मला घातलेली मुदत संपली होती. खोटं बोलणं मला जमतही नाही.

"नाही चालायचं," मी म्हणाले. "तुम्ही गेलात की काढायचे. दर वर्षी."

मला वाटलं, संपलं, आता हा माणूस पुन्हा ताटावरून उठणार. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते पुसायचं सोडून ते सीटच पुसत राहिले...

"पहिल्या वेळीसुद्धा माहीत होतं त्यांना?"

"डबा दारात बघितला तेव्हाच."

"मग काढलेलं जायचं कुठं?"

"परकारभाईंच्या टॅक्सीत. तिला मानवायचं ते. त्यांचं इंजिन अजून उघडावं लागलेलं नाही, विचारा त्यांना."

सुधीररावांनी शेजारच्या दाराकडे बघितलं. तिथं टॅक्सी उभी होती, परकारभाई काच पुसत होते.

"म्हणजे वाया नाही गेलं," सुधीरराव म्हणाले.

"तुमच्या सासऱ्यांनी काही वाया घालवलंय का कधी?"

मग ते हसले. नाक ओढत, मान हलवत हसले. किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "गाडी नेतो, पण दिवाळीला तिच्यावरूनच येणार. मावशी, येताना काय आणू?"

"दोन डबे," मी म्हणाले. "एक हिचा, आणि एक परकारभाईंचा."