सागवानाच्या रेघा

"ये वाला दगा है," साहेब म्हणाले. चकती अजून पालथीच होती. उलटून पाहिली तर खरंच दगा.

सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यावर आम्ही साहेबांना खेळ दाखवत बसलो होतो. सुजाता मॅडम इतिहास शिकवतात. त्यांनी मुलांसाठी पटावरचा खेळ बनवला होता. कोणी मराठे व्हायचं, कोणी गोंड राजा, कोणी इंग्रज. आधी बोलणी करून तह ठरवायचा. मग प्रत्येकानं आपल्या दोन चकत्यांपैकी एक पालथी ठेवायची. खालच्या अंगाला लिहिलेलं, 'साथ' नाहीतर 'दगा'. तोंडात एक, चकतीत दुसरं, हीच गंमत. साहेबांच्या बऱ्याच शाळा; त्यांना पसंत पडला तर खेळ त्या सगळ्या शाळांत जाणार होता. मॅडमची तीन वर्षांची मेहनत होती.

चकत्या माझ्या. मी खरादी, म्हणजे मशीनवर लाकूड फिरवून गोल करणारा. शाळा चौथीपर्यंत, पण हातात चाळीस वर्षं.

मॅडमनी आधीच सांगितलं होतं, "काका, वरून काळा रंग द्या. सगळ्या सारख्या दिसल्या पाहिजेत."

"सागवानावर रंग? काहून? लाकडाची रेघ झाकायला मी खरादी झालो का?"

"खेळासाठी पाहिजे, काका."

"खेळ तुम्ही पाहा. लाकूड मला समजते."

नुसतं पॉलिश मारून दिलं. माझ्या वयाकडे पाहून त्यांनी तशाच घेतल्या.

सागाच्या दोन रेघा कधी सारख्या नसतात. हे मीच गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचो. पहिल्या दोन डावांत चकत्या उलटल्या, तेव्हाच साहेबांनी कोणत्या रेघेखाली काय ते ध्यानात ठेवलं.

"मैडम, इसमें छुपा क्या है? बच्चे तो एक दिन में पकड़ लेंगे."

मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "सर, गलती मेरी है. रंग करवाना रह गया."

चूक माझी, पण मी शेजारच्या खुर्चीवर तसाच बसून राहिलो. साहेब चहा संपवून निघून गेले.

बाहेर आल्यावर म्हणालो, "मी आजच रंग मारून देतो."

"आता राहू द्या, काका."

तरी मारला. दुसऱ्या दिवशी चकत्या मॅडमच्या घरी नेऊन दिल्या. त्यांनी चहा पाजला, चकत्या मोजून डब्यात ठेवल्या. साहेब परत आले नाहीत. खेळ मॅडमच्या एकट्या वर्गात चालू आहे.

काम घेताना, हे कशाला पाहिजे, एवढं विचारून घ्यावं. आणि आपली चूक दुसरा अंगावर घेत असेल, तर निदान खुर्चीवरून उठून खरं सांगावं.