खोड न सांगता दिलेला मासा

नगरच्या एका मासेवाल्याने मला फसवलं. त्याने मला मारका मासा दिला आणि त्याची खोड सांगितली नाही.

आमच्या धंद्यात खोड सांगावी लागते. मी चाळीस वर्षं बैलांचा व्यापार केला. घोडेगावच्या बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो, तो तिसऱ्याला कळत नाही. पण बैल मारका असेल, जुवाखाली बसत असेल, तर ते चारचौघांत तोंडाने सांगायचं. लपवलं तर जनावर दाव्यासकट परत येतं. चौथीत शाळा सोडून मी दुसऱ्याचे बैल शेवगावहून पायी हाकत बाजार केले, पुढे स्वतःचा टेम्पो घेतला. माझ्याशी घासाघीस करताना लोकांना घाम फुटायचा आणि माझा राग सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. खोड मात्र मी कधी लपवली नाही.

मासे आमच्या घरी आले ते बायकोच्या गुडघ्यांमुळे. गुडघे गेले तसा गोठा मोडला आणि आम्ही नगरला तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. ती पहाटे सवयीने उठायची आणि करायला काही नाही म्हणून कॉटवर बसून राहायची. हाडांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. आमचा नंबर पुकारला तरी ही टाकीपुढून उठेना. आत दगडावर काहीतरी बारीक बोटं हलवत होतं. टाकी साफ करायला आलेल्या माणसाला तिने विचारलं, हे फूल हाय का दगड. तो म्हणाला, याला कोरल म्हणतात आणि ते जिवंत जनावर आहे.

"जनावर? मग ह्याला खायला काय घालता?"

कित्येक महिन्यांत तिने कोणाला काही विचारलं नव्हतं. तो माणूस म्हणजेच हा मासेवाला.

त्याच्या दुकानात मी तीन वेळा बसलो आणि अखेर कोरल, छोटे निळे मासे आणि गोगलगायींसकट टाकी घरी आणली. बायको सगळं शिकली. मशीनचं गाळलेलं पाणी घ्यायचं, त्यात मीठ मोजून कालवायचं, खारटपणा तपासायचा, उन्हाळ्यात पाणी तापू द्यायचं नाही. जिने समुद्र कधी पाहिला नाही ती दर रविवारी दोन बादल्या समुद्र तयार करू लागली. तिचं लाडकं कोरल छत्रीसारखं होतं, फिकट बदामी. दुपारी दिव्याखाली त्याची सगळी बोटं उघडायची. ते उघडेपर्यंत ती जेवायची नाही.

आता माझी चूक सांगतो. सौदा झाला की वर काहीतरी घेतल्याशिवाय उठायचं नाही, ही आमची रीत. बैलाबरोबर दावं येतं, कधी घुंगरमाळ येते. टाकीचा सौदा ठरल्यावर मी मासेवाल्याला म्हणालो, वर काय देतोस. त्याने कोपऱ्यातल्या लहान टाकीतून एक मासा पिशवीत घातला. ट्रिगर म्हणतात त्याला, बोटभर लांबीचा, निळ्या ओठांचा. तो एकटाच ठेवलेला होता. बाजारात बैल लांब, एकटा बांधलेला दिसला की तो का, हे मी आधी विचारतो. जबडा उघडून दात बघितल्याशिवाय मी कधी बैल घेतला नाही. याचे दात ओठांबाहेर दिसत होते. पण फुकट मिळतंय म्हटल्यावर माझे डोळे मिटले. कोरलला चालेल ना, एवढंच मी विचारलं.

"बिनधास्त न्या काका, एकदम गरीब आहे."

मासा बायकोला लळा लावून बसला. ती खोलीत आली की काचेला येऊन थडकायचा. तिच्या चिमटीतून कोळंबी खायचा आणि वर येऊन तिच्या तोंडावर पाण्याची पिचकारी मारायचा. "बघा, नातवावानी चाळं करतोय," म्हणून ती हसायची.

मग टाकीतल्या गोगलगायींची नुसती शिंपली दिसू लागली. छोट्या निळ्या माशांच्या शेपट्या फाटल्या. मी विचारलं की ती म्हणायची, मरत्यात आपली आपली. एकदा दुपारी मी अवचित घरी आलो, तर ती कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसलेली. कोरलवर तिने भाजीची प्लॅस्टिकची जाळी पालथी घातली होती आणि ती दाबून धरली होती. छत्रीच्या कडेचे ट्रिगरने लचके तोडले होते. महिनाभर हेच चाललंय म्हणाली. मी ओरडलो, मला सांगितलं का नाहीस.

"सांगितलं असतं तर तुमी तो इकला असता."

मी खाली बसलो. चाळीस वर्षं माझ्या दावणीच्या प्रत्येक बैलाला हिने पाणी दाखवलं, भरडा चारला, खुरांना हळद लावली. मी बाजारात बोटं दाबली आणि बैल गेला. हिला एकदाही विचारलं नाही. एक गोऱ्हा तिने बाटलीने दूध पाजून वाढवला होता. तो विकून आलो त्या दिवशी तिने ताट वाढलं आणि काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे तिची हरकत नाही, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन आवाज चढवला. मासेवाला गिऱ्हाइकांदेखत हसून म्हणाला, "काका, वर घेतलेल्या जनावराची खोड कोण सांगतं? परत आणा, घेतो की."

 घरी येऊन मी पिशवी काढली. म्हणालो, परत द्यावा लागेल.

"न्या. आजवर मी कुटं आडवी आले?"

तिने स्वतःच पिशवी पाण्यात धरली. मासा कोणाला दाद देत नव्हता, पण हात तिचा होता, म्हणून तो सरळ आत आला. तिने पिशवीच्या तोंडाला गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. मग पदराने हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी पुसत राहिली. मी गाठ सोडली.

सोफा विकून हॉलमध्ये दुसरी टाकी लावली, दुसऱ्या माणसाकडून. मासा आता तिथे एकटा मजेत आहे. कोरल मात्र मिटलेलं आहे. रोज दुपारी दिवा लागला की ती त्याच्यापुढे स्टूल घेऊन बसते, जेवण लांबवते आणि मला विचारते, "उघडंल का हो?" बैल असता तर नुसता बघून मी सांगितलं असतं. हे जनावर मला कळत नाही आणि तिला आता खोटं सांगायचं नाही.

म्हणून मासेवाल्या, हे तुला सांगतो. भरपाईचे पैसे मला नकोत, मासाही परत देणार नाही. उद्या दुपारी आमच्या घरी ये. मी आवाज चढवणार नाही, चहा मिळेल. तिच्या शेजारी बस, ते कोरल नीट बघ आणि ते जगेल की नाही ते तिच्या तोंडाकडे बघून तूच सांग. बोल, येतोस का?